ओमाकेची डावी बाजू

६ मार्च

कोझुए,

पत्राची सुरुवात हवामानाने करायची असते, म्हणून करतो. दारातला बर्फ अजून माझ्या खांद्याएवढा आहे, पण दुपारी पन्हळीला धार लागते. झालं हवामान.

तुझी ओमाके आजारी आहे.

पाकीट न फाडता फेकून दिलं नसशील, तर आता पुढचंही वाच. पाच वर्षांत नव्या वर्षाची कार्डं सोडून मी तुला काही पाठवलं नाही, आणि त्या कार्डांवरही पोस्टात छापून मिळतात त्याच ओळी होत्या. तूही छापीलच पाठवलीस. फिटंफाट झाली. हे पत्र हाताने लिहितो आहे, कारण मासा तुझा आहे.

तिच्या डाव्या अंगाला, परापासून चार बोटं मागे, एक लाल डाग दिसतो. तिथले खवले उचलले गेलेत. बाकीच्या दहाजणी तळाशी एकमेकींना चिकटून गपगार पडल्या आहेत, थंडीत पडतात तशा. ही एकटी झऱ्याच्या तोंडाशी येऊन उभी राहते. तुला आठवत असेल, कळप सोडून तोंडाशी येणारा मासा श्वास पुरत नाही म्हणून येतो. बहुतेक बगळ्याने चोच मारली असावी. बर्फातसुद्धा येतो तो मेला.

आईच्या वेळी मी कळवायला उशीर केला, असं तू एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस. मी तेव्हाच सांगितलं होतं की कोझुएला कळवू नका असं तुझ्या आईनंच मला बजावलं होतं. त्यावर तू बूट घातलेस आणि बस गाठलीस. तो विषय मी उकरत नाही. या वेळी मात्र पहिल्याच दिवशी कळवतो आहे.

खरं तर चौथ्या. चार दिवस मी काठावर नुसता उभा होतो.

दर चार-पाच दिवसांनी लिहीन, जसं असेल तसं. उत्तर पाहिजेच असं काही नाही.

गोइची इगाराशी
(नाव पूर्ण लिहिलं, सवयीने. बाबा.)


१० मार्च

कोझुए,

ओमाकेला घरात आणलं. पडवीतल्या मातीच्या जमिनीवर निळ्या ताडपत्रीची टाकी उभी केली आहे, एक टन पाण्याची. पाणी झऱ्याचंच, म्हणजे पहिल्या दिवशी तळ्याइतकंच गार. शेगडी लावून रोज एक अंशाने वाढवतो. घाई केली तर मासा मरतो आणि आळस केला तर जखम मरत नाही. पाच किलो मीठ घातलं.

तिला जाळ्यातून मेणकापडी पिशवीत घेतलं आणि उचलून पडवीत आणलं. पंचवीस वर्षांची बाई ती, हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोजलं तर दीड हात भरेल. माझ्या कमरेने दोन शब्द ऐकवले. तुझी आई, फुसाए, असती तर तिनेही दोन ऐकवले असते, पण पिशवीचं दुसरं टोक धरूनच.

टाकीजवळ बसलो की जुनं आठवतं. जून महिन्यातली शोभेच्या माशांची निवड आठवते का तुला? आपण तिघं त्या लांब फळीवर बसायचो. पांढऱ्या परातीत नखाएवढी पिल्लं, हातात चहाच्या गाळणीएवढं जाळं. रंग चुकला, बादलीत. ठिपका वाकडा, बादलीत. शंभरातली पाच ठेवायची. तू नऊ वर्षांची होतीस. बादलीतलं एक पिल्लू तू मिसो सूपच्या वाटीत पाणी घेऊन त्यात लपवलंस आणि वाटीवर झाकण ठेवून रात्रीचं जेवण होईपर्यंत मांडीवर घेऊन बसलीस. एका डोळ्यावर तेवढं लाल ठिगळ, बाकी सगळी पांढरी. असला मासा कुणी घेत नाही. दुकानदार सामानावर वरून एखादी वस्तू फुकट देतो, तशी ही आपल्याला वरून मिळाली, म्हणून तू तिला ओमाके म्हणायला लागलीस. मला सगळं दिसत होतं. सूप प्यायचं सोडून पोरगी वाटी का सांभाळते आहे एवढं कळायला काय लागतं. मी बोललो नाही, एवढंच.

काल शेजारच्या शिनोकाकू आल्या होत्या. चौऱ्याऐंशी झाल्या, पण बर्फातून काठी न घेता येतात. दारातच मिठाचं पोतं दिसलं त्यांना.

"हे काय रे गोइची? एवढं मीठ?"

"मुळ्याचं लोणचं घालतोय."

"मार्चात?"

"यंदा उशीर झाला."

"आणि मुळे कुठायत?"

"आणायचेत."

"फुसाए असती तर त्या मिठाने तुझंच तोंड चोळलं असतं आणि तुलाच पिंपात बसवून वर धोंडा ठेवला असता," असं म्हणून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पडवीचं दार हळूच ओढून घेतलं.

हसू नकोस. आपल्या गावात आजारी मासा हा बोलायचा विषय नाही, हे तुलाही माहीत आहे. एक शब्द बाहेर गेला की गिऱ्हाईक गाडी न थांबवता पुढच्या दरीत जातं. माझे आजोबा तर मासे आजारी पडले की दारावर 'लग्नाला गेलो आहे' अशी पाटी लावायचे. आता माझ्याकडे ना गिऱ्हाईक, ना विकायला मासे. डोंगरावरचे तलाव तीन वर्षांपूर्वीच हिरासावांच्या कात्सुमीला दिले. तरी तोंड उघडत नाही. चाळीस वर्षांची सवय आहे, ती काय पेन्शनीत निघत नाही.

बाबा


१५ मार्च

कोझुए,

ओमाके पुष्कळ बरी आहे. पाणी चौदा अंशांवर आलं. आज तिने दोन गोळ्या खाल्ल्या. डाग फिकट होतो आहे. तू काळजी करू नकोस. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात किती काम असतं ते मला माहीत आहे. दोनशे रुग्णांचं पथ्य सांभाळायचं म्हणजे खेळ नव्हे. मुद्दाम रजा वगैरे काढायची गरज नाही.

बाबा


१८ मार्च

कोझुए,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'फोटो पाठवा.' दोन शब्द. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे झुकलेलं, घाईत असल्यासारखं. कार्ड मी देवघरात फुसाएच्या फोटोपुढे ठेवलं आहे. तिला दाखवायचं म्हणून. नंतर काढीन.

फोटो सोबत आहे. कात्सुमीच्या बायकोने छापून आणून दिला. तिला सांगितलं, मुलीने जुन्या माशाची आठवण काढली. रंग बघ, अजून किती शुभ्र आहे. डोळ्यावरचं ठिगळ तर तरुणपणापेक्षा गडद झालं आहे.

बाबा


२१ मार्च, विषुवदिन, पितरांचा दिवस

कोझुए,

आज सकाळी आईच्या थडग्याला गेलो. तीन फूट बर्फ खणल्यावर दगडाचा माथा लागला. नाव दिसेपर्यंत खणलं, उदबत्ती लावली, तांदळाचे गोळे ठेवले. परत येताना पाय घसरला आणि बर्फात बसलो. बसल्या बसल्या ठरवलं की आज तुला खरं लिहायचं. तेव्हा आता न थांबता लिहितो, नाहीतर पुन्हा सुधारून लिहीन.

पंधरा तारखेचं पत्र खोटं होतं. तिने काहीच खाल्लं नाही. गोळ्या टाकल्या त्या फुगून तळाशी गेल्या, संध्याकाळी मीच जाळ्याने काढल्या. डाग फिकट झाला नव्हता. त्याला मध्ये भोक पडलं होतं.

फोटोही तसाच. फोटोत तिची डावी बाजू टाकीच्या भिंतीला टेकलेली आहे. मी फळीने तिला तिकडे सरकवून ठेवलं आणि मग काढला. चाळीस वर्षं गिऱ्हाइकासमोर मासा मी असाच धरत आलो. चांगली बाजू तिकडे, वाईट बाजू माझ्या पोटाशी.

बगळाही नव्हता.

काल कात्सुमी आला. मी बोलावलं नव्हतं, शिनोकाकूंनी पाठवला. मुळ्याच्या लोणच्यावर त्यांनी एका क्षणासाठीसुद्धा विश्वास ठेवला नव्हता. "मार्चात पडवीतून धूर यायला लागला की त्या घरात माणूस आजारी नसतो, मासा असतो. अख्ख्या आळीला ठाऊक आहे," असं त्यांनी त्याला सांगितलं म्हणे. कात्सुमी दारातच उभा राहिला, टोपीसुद्धा काढली नाही.

"काका, तुमच्या तळ्याचं पाणी उतरून माझ्या हौदांकडे येतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"माझे हिवाळ्यातले सगळे मासे तिथे आहेत."

"माहीत आहे रे."

"मग मला सांगायला हवं होतं की नको? परका आहे का मी? तुमच्याच हाताखाली शिकलो. तुम्ही नसतात तर आज मी कारखान्यात नट आवळत बसलो असतो. आणि तुम्ही मला लोणचं सांगता?"

"तुला नाही सांगितलं लोणचं. काकूंना सांगितलं."

"मला तर तेवढंही नाही सांगितलंत."

पंचेचाळीस वर्षांचा माणूस मला रागावत होता आणि बरोबर रागावत होता. त्याने टाकीच्या पाण्यात भुलीचं औषध टाकलं, ती कलंडल्यावर ओल्या फडक्यावर घेतली, जखम धुतली आणि भिंगाने बराच वेळ बघितली. साथीचा रोग नाही, म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, बगळ्याने ओरखडा उठतो. हे ठेचलं आहे. वरून काहीतरी पडलं आहे हिच्या अंगावर."

"बर्फ," मी म्हणालो. या सबंध महिन्यात माझ्या तोंडून निघालेला तो पहिला खरा शब्द असावा.

छपरावरचा बर्फ मागच्या तळ्यात ढकलायचा, झऱ्याच्या पाण्याने तो विरघळून जातो, हे आपल्याकडे घरोघर चालतं. मी वर फावडं घेऊन असायचो आणि फुसाए खाली उभी राहून ओरडायची, "उजवीकडे टाका, पोरगी डावीकडे झोपलीय." पोरगी म्हणजे ओमाके. फेब्रुवारीच्या शेवटी तीन दिवस सारखा पडला. कंबर दुखत होती, डावीकडची शिडी जवळ होती. खाली सांगायला कुणी नव्हतं, आणि मला स्वतःला आठवायला काय झालं होतं, ते मला सांगता येत नाही. मध्ये बर्फ गोठून दगड झालेला होता. तो पडल्याचा आवाज मी ऐकला. पाण्यात पडल्यासारखा नव्हता तो. तरी मी उरलेलं छप्पर साफ केलं, खाली उतरलो आणि घरात जाऊन चहा प्यालो.

आता आईचं. त्या वर्षी तू दर संध्याकाळी फोन करायचीस आणि मी म्हणायचो, "आज वाटीभर पेज घेतली. आज उठून बसली." तिने तीन दिवस पाण्याच्या चार चमच्यांपलीकडे काही घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं की आता घरी न्या, फार तर दोन आठवडे. ओमाकेच्या गोळ्यांसारखी ती पेजही मीच टाकत होतो आणि मीच काढत होतो. तुझा शेवटचा फोन आठ फेब्रुवारीचा. मी म्हणालो, रंग बराच सुधारला आहे. नऊला ती गेली. तू माझ्यावर चिडलीस ते बरोबर चिडलीस.

कात्सुमी म्हणतो, दोन मार्ग आहेत. सडलेलं मांस कापून काढायचं. त्यात ती फडक्यावरच जाऊ शकते, या वयात भूल झेपत नाही. नाहीतर काही न करता ऊब आणि मीठ चालू ठेवायचं. मग ती दहा-पंधरा दिवसांत आपल्या आपण जाईल, बहुतेक शांतपणे. आमच्या धंद्यातला तिसरा मार्ग तुला माहीत आहे, तो मी हजारदा केला आहे आणि आता माझ्याने होणार नाही.

पूर्वी असलं काही मी एकट्यानेच ठरवून टाकलं असतं आणि तुला नंतर कळवलं असतं. मासा तुझा आहे. तू सांग.

आणि जमलं तर ये.

बाबा


२७ मार्च, द्रुत टपालाने

कोझुए,

परवा फोनवर तू म्हणालीस, "शनिवारी येते. तोवर तिला हात लावू नका." मी नुसतं "हो" म्हणालो. तुझ्या आवाजात खोकला होता. फोन ठेवल्यावर मी पडवीत जाऊन ओमाकेला सांगितलं. मग शिनोकाकूंना सांगितलं. त्यांनी लगेच तुझ्यासाठी बर्फाखालचे फुकी या रानभाजीचे कोंब खणून ठेवायला सुरुवात केली आहे. शनिवारपर्यंत डोंगर बोडका होणार.

पण तू गाडीत बसायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून जादा पैसे भरून पाठवतो आहे. मागच्या पत्रात मी सगळं खरं लिहिलं असं मला वाटलं होतं. रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा लक्षात आलं की तिथेही मी मासा फिरवूनच धरला होता.

आईने तुला कळवू नका असं कधीच म्हटलं नाही.

ते मी विधीच्या दिवशी तिथल्या तिथे रचलं. तू सगळ्यांसमोर विचारलंस, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि जी बोलू शकत नव्हती तिच्यावर मी ढकलून मोकळा झालो. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी पाहिलं होतं. तू पाच वर्षं आली नाहीस ती मी उशीर केला म्हणून नाही. आईलाच तू नको होतीस असं तुला वाटलं म्हणून आली नाहीस. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला सांगायला मला एक मासा मरायला टेकावा लागला.

आता झालं ते असं. चार फेब्रुवारीची दुपार होती. तिला थोडी हुशारी वाटत होती. ती म्हणाली, "कोझुएला बोलवा. तिच्याकडून केस विंचरून घ्यायचेत. तुमचा हात जड आहे." मी म्हणालो, "बर्फाने रस्ता बंद आहे." रस्ता बंद नव्हता. बर्फ लोटणारी गाडी रोज सकाळी तिच्या खिडकीखालूनच जायची आणि त्या दिवशीही गेली होती. तिने ती ऐकली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं."

सहा तारखेला तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मी असं का केलं याचा मी पुष्कळ विचार केला. तू आलीस, दारात उभी राहून तिला पाहिलंस, की तुझ्या तोंडावरून मला कळणार होतं की ती जाते आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं मी ऐकलं होतं, पण ते मला कळून घ्यायचं नव्हतं. जोवर तुला सांगत नाही तोवर ते झालेलं नाही, अशी माझी समजूत होती. हे कारण आहे. याने मी सुटत नाही, ते मला माहीत आहे.

हे वाचून आली नाहीस तर मी समजेन. ओमाकेचं काय करायचं तेवढं कात्सुमीला कळव, तो तुझ्या सांगण्याबाहेर जाणार नाही. आलीस, तर दोन चाळीसच्या बसला मी फाट्यावर उभा असेन. मात्र माशासाठी म्हणून येऊ नकोस. मी कसा आहे ते नीट माहीत करून घेऊन ये.

बाबा


८ एप्रिल

कोझुए,

तू जाऊन सहा दिवस झाले. तळ्याच्या काठाचा बर्फ गेला. बाकीच्या दहाजणी हलायला लागल्या आहेत.

तू बसमधून उतरलीस तेव्हा पत्र मिळालं का हे विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. मग तुझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ते पाकीट दिसलं, फाडलेलं. तू म्हणालीस, "किती वाळलात, बाबा," आणि माझ्या पुढे चालायला लागलीस. मी मागून येत होतो. तुझी चाल तिच्यासारखी झाली आहे. पूर्वी नव्हती.

दोन दिवस तू त्या पत्राबद्दल चकार शब्द काढला नाहीस. मीही काढला नाही. कात्सुमीने विचारलं, कापायचं का, तेव्हा तू पडवीत खाली बसलीस, बाह्या वर केल्यास, ओमाकेचं डोकं ओल्या फडक्यात धरलंस आणि म्हणालीस, "काप." मध्ये तो थांबला तर तू म्हणालीस, "अजून आहे बघ तिथे, काढ." काकू दारातून बघत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "ही आपल्या धंद्यात यायला हवी होती." मी म्हणालो, तिने पहिल्याच दिवशी बादलीतलं उचलून घरात आणलं असतं, धंदा बुडाला असता. "बुडू दे की," काकू म्हणाल्या.

आणि मंगळवारी सकाळी, पिशवी भरून झाल्यावर, टाकीकडे तोंड करून तू विचारलंस, "मग शेवटी केस विंचरले का कुणी?"

"मी," मी म्हणालो. "वाईट विंचरले."

तुझे खांदे हलले. तू हसलीस की रडलीस मला दिसलं नाही, आणि पुढे येऊन बघायचा धीर झाला नाही. मग तू म्हणालीस, "मी तुम्हाला माफ केलं आहे असं समजू नका." मी म्हणालो, "नाही समजत." "ओमाकेचं मात्र कळवत राहा. उद्या नाही, त्याच दिवशी." एवढं बोलून तू बूट घातलेस. या वेळी मी फाट्यापर्यंत सोबत आलो. तू नको म्हणाली नाहीस.

म्हणून त्याच दिवशी कळवतो.

चार दिवस जखमेची कड पांढरी होत होती, मांस भरत होतं. शुक्रवारी तिने एक गोळी खाल्ली. खरंच खाल्ली, कात्सुमी साक्षीला आहे. आज सकाळी मात्र ती सरळ उभी राहत नाही. डावीकडे कलते, पर मारून सावरते, पुन्हा कलते. श्वास वरवर चालला आहे. कात्सुमी येऊन गेला. वाचेल की नाही मला माहीत नाही. 'तू काळजी करू नकोस' असं इथे लिहायला हात गेला होता. काळजी कर. मीही करतो आहे, आणि एकट्याने करायला मला आता जड जातं.

पत्राला दोन दिवस लागतात. तेव्हा हे पाकीट चिकटवलं की पेटीत टाकण्याआधी मी तुला फोन करणार आहे. आता अकरा वाजलेत, बाराला तुझी जेवणाची सुट्टी होते. फोन कानाला लावला की माझा आवाज आपोआप चढतो, दारात गिऱ्हाईक आल्यासारखा, आणि तोंडातून भलतंच निघतं. मी 'तशी बरी आहे' असं म्हणालो, तर लगेच फोन ठेवू नकोस. काही न बोलता थांब. मला थोडा वेळ लागतो.

बाबा